दातोबाचे ओठ

३ फेब्रुवारी

पट्टे! त्यांना पट्टे हवेत!

संचालक आज संग्रहालयाच्या कार्यशाळेत आले, माझ्या पुतळ्याभोवती, दातोबाभोवती, एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वाघासारखे पट्टे देता येतील ना? लोकांना लगेच ओळखू येईल." मी म्हटलं, हा वाघ नाही. तर म्हणे, "पाटीवर तर खड्गदंती वाघ लिहिलंय." पाटी लिहिली कोणी? त्यांनीच! वाघाचा हा काका नाही की मामा नाही. मांजरांच्याच कुळातली, पण कधीच्या काळी वेगळी झालेली शाखा, आणि ती सगळीच्या सगळी संपली. आखूड शेपूट, पैलवानासारखे खांदे, मागचे पाय बुटके. झाडोऱ्यात दबा धरून बसणारं जनावर. म्हणून मी ठिपके दिलेत, फिकट, कवडशांसारखे. एकेक केस सुईनं रबरात खोवलाय. मान वळत नाही माझी अजून. आणि आता पट्टे!

"लोकांनी टाळी वाजवली पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताई त्यांना टाळीसाहेब म्हणते — कधी पाहिलेलं नसताना. दातोबा हे नावही तिचंच.

७ फेब्रुवारी

खरं दुखणं पट्ट्यांचं नव्हतंच. आज बाहेर आलं.

"दात कुठे दिसतायत हो?"

दिसत नाहीत, कारण तोंड मिटलेलं आहे. वरचा ओठ जाड, खाली उतरलेला, आणि सुळे त्याच्या आत. मी शांतपणे सांगितलं. (शांतपणे! माझं मलाच कौतुक.) वाघ, सिंह, बिबट्या, घरातली मनी, तोंड मिटल्यावर कोणाचे सुळे बाहेर लोंबतात? दातावरचं कवच सतत उघडं राहिलं तर सुकेल, तडकेल. शिवाय कवटीच्या वरच्या जबड्यावर बारीक भोकं आहेत, नसा आणि रक्तवाहिन्या ओठाकडे जायला. ओठ भरगच्च नसेल तर एवढा सरंजाम कशाला?

"पण हे नक्की का?"

नक्की म्हणे! ओठ कुठे संपतो याची रेघ हाडावर कोणी मारून ठेवत नाही. पण कवट्या हाताळण्यात जन्म गेला माझा. मला तो ओठ दिसतो.

"मग तोंड उघडा त्याचं. डरकाळी द्या!"

साचा झाला, आत पोलाद बसलं, आता तोंड उघडायचं म्हणजे नवं डोकं करायचं. तसं सांगितलं. जाताना माझ्याशी नाही, माझ्या जुन्या साचेवाल्याशी बोलले, दारात, हळू आवाजात. बोला! मी जिंकले.

९ फेब्रुवारी

घरी वेगळाच तमाशा. चेहऱ्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या आणि ताई आतल्या खोलीतून बाहेरच येईना. बाई बिचाऱ्या चहा पिऊन परत गेल्या.

गेल्या वर्षी तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं. डावीकडचा ओठ ओघळला, त्या बाजूचे दात उघडे राहतात, पाणी प्यायलं की हनुवटीवर येतं. बाकी ठणठणीत. बोलणं स्पष्ट, डोकं माझ्याहून तल्लख. पण बेल वाजली की ही आत! सबंध शाळेला नुसत्या नजरेनं गप्प करणारी मुख्याध्यापिका, आणि दूधवाल्याला तोंड दाखवत नाही.

"किती दिवस असं कोंडून घेणार आहेस?" मी ओरडले.

"तुझ्या दातोबाला मिटलेलं तोंड दिलंस. मला दे, लगेच बाहेर पडते."

भांडी आपटली. माझ्याच आवडत्या कपाचा कान गेला.

१८ फेब्रुवारी

संपलं! मिशा लावल्या, डोळे बसवले. लांबून बघितलं आणि मीच दोन पावलं मागे सरले. तोंड वासलेल्या जनावराचं काय करायचं ते तरी कळतं, पळत सुटायचं. हे तोंड मिटून बघतं. ठरवतंय.

परवा दालनात हलवणार.

२६ फेब्रुवारी

कापले!! ओठ कापले त्याचे!

दालनात गेले, चादर काढली, आणि दोन्हीकडचे ओठ नाहीत. साबणाची वडी कापावी तसे सरळ छाटलेत. उघड्या पडलेल्या रबरावर घाईघाईनं तपकिरी रंग फासलाय. सुळे बाहेर, आणि वर त्यांना पॉलिश! डरकाळी नाही की गुरगुर नाही. नुसतं हसतंय बापडं, दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीतल्यासारखं.

साचेवाला कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. संपलेली वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होता.

"तू कापलेस?"

"मी हुकमाचा ताबेदार. मला नको बोलूस."

कोणाला बोलू मग? माझ्या मातीवरून साचे काढता काढता याचे केस पांढरे झाले. माझा हात याला माझ्याहून जास्त ठाऊक! "एक फोन करता येत नव्हता?"

"केला असता तर तू येऊन तीच सुरी माझ्या पोटात खुपसली असतीस."

खुपसलीच असती!

संचालक? बैठकीत. दुपारीही बैठकीत. संध्याकाळी जिन्यावर दिसले, मला बघून लिफ्टकडे वळले.

२७ फेब्रुवारी

डोकं घरी आणलं.

पुन्हा लिहिते, खरं वाटत नाही म्हणून. मी संग्रहालयातून दातोबाचं डोकं पळवलं.

नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी ते मानेला बोल्टनं जोडलेलं असतं. पाना माझ्या पिशवीतच. साचेवाला समोर उभा. मी एकेक बोल्ट काढत गेले, त्यानं हळूच पाठ केली. मग मी डोकं उचललं — काय वजन! — तर त्यानं पुढे जाऊन दार उघडून धरलं. राग अजून आहेच त्याच्यावर. पण दार धरलं हे लिहून ठेवते.

चादरीत गुंडाळून टॅक्सीत घेऊन बसले. चालक आरशातून बघतोय. "कुत्रं आजारी आहे का, बाई?"

"हो."

थोड्या वेळानं, "दात बरेच वाढलेत हो त्याचे."

ताईनं डोकं जेवणाच्या टेबलावर बघितलं. "हे इथे?"

"मग कुठे ठेवू? अंथरुणात?"

"निदान माझ्या खुर्चीसमोर तरी नको."

मग जवळ आली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ. "असं कसं करवलं ग कोणाला," एवढंच म्हणाली.

२८ फेब्रुवारी

सकाळीच फोन. "ही चोरी आहे! मी पोलिसांत जाईन!"

"जा."

"परवा उद्घाटन आहे, आणि तिथे बिनडोक जनावर उभं आहे!"

"बरं झालं, तुम्हाला सोबत मिळाली." ठेवला फोन. आयुष्यात इतकं वेळेवर कधी सुचलं नव्हतं!

दिवसभर ओठ. रबर ओतलं, शिवणीला शिवण जुळवली, केस खोवले. जमेना. लोंबतोय नुसता, ओल्या फडक्यासारखा. दोनदा उचकटून फेकला.

ताई बघत होती. अचानक उठली, आतून आरसा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. ज्या आरशाला तिनं वर्षभर कापड घातलंय, तो. "ओठ नुसता लटकत नसतो. गालातून त्याला ओढ असते. ही माझी बाजू बघ, ओढ गेलेली. आणि ही बघ, आहे. तू त्याला माझी वाईट बाजू देते आहेस."

मी तिच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. वारं गेल्यापासून पहिल्यांदाच. तिनं हात झटकले नाहीत. "कर काम," म्हणाली.

जमला ओठ.

१ मार्च

टाळीसाहेब घरी! स्वतः!

बेल वाजली. मला वाटलं ताई आत जाईल. ती जागची हलली नाही. दातोबाच्या शेजारीच बसून राहिली.

दारातूनच सुरू, "डोकं द्या, मला भांडायला वेळ नाही." मग जिन्यामुळे दम लागला म्हणून बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन आवाज उतरला. "तुम्हाला वाटतं मला काही कळत नाही. त्या दालनात कोणी फिरकत नाही हो. मुलं येतात, फोनमध्ये बघत बघत एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. एखादं तरी मूल दचकावं, एवढंच म्हणणं आहे माझं."

खोटं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला. या माणसानं निदान पूर्ण वाईट तरी असावं!

हे बोलताना त्यांची नजर ताईच्या चेहऱ्यावर पडली आणि पटकन खिडकीकडे गेली.

"खिडकीत काय आहे?" ताई. अगदी शाळेतला आवाज.

"अं? काही नाही."

"मग इकडे बघून बोला. माझे दात दिसतायत. भीती वाटली का?"

"छे, छे, तसं नाही—"

"नाहीच वाटली. तुम्ही तोंड फिरवलंत. उघड्या दातांना कोणी घाबरत नाही, साहेब. लोक नजर चुकवतात. मला विचारा."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणावर, माहीत नाही.

संचालकांनी मान वर केली. ताईकडे बघितलं, मग तिच्या शेजारच्या डोक्याकडे. उठले. टेबलाला वळसा घालून आले. खुर्ची धरून उभे राहिले.

"हे असं काय बघतंय माझ्याकडे?"

"अंदाज घेतंय," मी म्हटलं.

मग म्हणाले, "बसवा." दारापर्यंत गेले, वळले. "पट्टे मात्र—"

"अहो!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

२ मार्च

उद्घाटन. ताई आली! पदर तोंडावर न घेता, माझा हात न धरता. दोन बायका वळून वळून बघत होत्या. मी असं रोखून बघितलं की पुढच्या दालनात पळाल्या.

एक मुलगा, "आई, याला दातच नाहीत?" आई, "म्हातारा झाला असेल." जीव द्यावासा वाटला. द्यावासा म्हणजे घ्यावासा.

मग एक छोटी मुलगी आली. जवळ गेली. थांबली. पायापायानं मागे सरकत बापाच्या मागे लपली, पण नजर काढेना. टाळी नाही, आवाज नाही. संचालक पलीकडून तिलाच बघत होते.

२३ मार्च

पाटी अजून तीच! खड्गदंती वाघ! उद्या भांडण.

१४ एप्रिल

दूर उत्तरेला, गोठलेल्या जमिनीत सापडलं. दातोबाच्याच जातभाईचं, पूर्ण वाढलेल्या जनावराचं, कातडीसकट अख्खं डोकं. साचेवाल्यानं फोटो पाठवले, सोबत एक अक्षर नाही.

ओठ आखूड आहेत. सुळे बाहेर, निम्म्याहून जास्त. ठिपक्यांचा पत्ता नाही, सगळं गडद तपकिरी. मी चुकले. नुसती नाही, साफ चुकले. आणि किती देखणं आहे ते! फोटो ठेववत नाहीत खाली.

संचालकांना फोन केला, ओठ काढायला येते म्हणून. तर म्हणे, "छे हो, आता हात लावू नका! लोक त्याच तोंडासाठी येतायत." तासभर भांडले. उद्या जाणारच.

ताई बाजारात गेली आहे. एकटीच. आली की तिला सांगायचं आहे.