मशीनची मास्तरीण

असोदा,
मंगळवार, १३ जानेवारी

लताबाई, माझी गुणाची लेक,

तुला आणि जावयांना जयभीम. इकडे सगळे बरे आहेत, एक माझा गुडघा सोडून.

परवा मुलगी बघायला आले, त्यात सगळ्यात आधी आली ती मंदाबाई! काय ग बाई शेजारीण आहे तुझी. बाकीच्यांना गाडीत बसवून ठेवलं, गाडी फाट्यावर उभी केली, आणि ही एकटी पायी पायी आपल्या दारात. मी ओट्यावर काड्या पेटवून वांगी भाजत बसलेली, तोंडाला राख, पदराचं ठिकाण नाही. म्हणते, "घर बघायचं तर पाहुणे यायच्या आधी बघावं, माय." मी म्हटलं, "मग तुम्ही कोण, पाहुण्या नाही वाटतं?" अशी खदखदून हसली! तिथेच मला बाई आवडली. तुझ्या भाचीसाठी, आपल्या मित्रासाठी, तू हे स्थळ सुचवलंस ते उगीच नाही.

मग मागून गाडी आली. तिचे मालक कौतिकभाऊ, नवरा मुलगा ललित, आणि मंदाबाईच्या लेकीचा लहानगा, नुकता पळायला शिकलेला. नुसता वारा. ओट्यावरून खाली, खालून ओट्यावर.

जेवण फक्कड झालं. भरीत, पुऱ्या, कढी. कौतिकभाऊ पानावर बसले आणि म्हणाले, "आज रविवार शे, आनि मटण नही?" मी म्हटलं, "भाऊ, असोद्याला येऊन भरीत नाही खाल्लं तर काय खाल्लं?" मग चार पुऱ्या जास्त खाल्ल्या त्यांनी. वांगी यंदा फार गोड आहेत, तुला तिकडे निघालेल्या वनाच्या हाती पाठवते, ह्या पत्रासोबतच. पत्र का लिहिते म्हणशील, फोन आहे की. अग, एकाच खोलीत फोनवर काय बोलायचं? मित्राचं काम चालू असतं.

मटण नव्हतं त्याचं कारण आहे. दिवाळीपासून घरात आणत नाही. ते पुढे सांगते.

जेवण झाल्यावर गप्पा रंगल्या. कौतिकभाऊंनी विचारलं, "पोर काय काम करस?" तुझा भाऊ आधार छाती काढून म्हणाला, "कॉम्प्युटरला शिकवते. काय चांगलं, काय वाईट, हिने सांगायचं, मशीनने शिकायचं."

"म्हणजे मशीनची मास्तरीण!" कौतिकभाऊ म्हणाले. मला तो शब्द इतका आवडला की काल दळणाच्या गिरणीत चारजणींना सांगून आले.

ललित धुळ्याला एमआयडीसीत आहे, कमी बोलतो. तो म्हणाला, "मशीन एकदा शिकलं की ह्या कंपन्या मास्तरणीला घरी पाठवतील." मंदाबाई म्हणाली, "ती घरीच तर आहे, बावळ्या!" सगळे हसले. मग कौतिकभाऊंचं सुरू झालं, सरकारने लहान पोरांचे मोबाईल बंदच केले पाहिजेत, नको नको ते दिसतं त्यात. आधार म्हणाला, "आता मशीन आपोआप काढून टाकतं, भाऊ. विज्ञान फार पुढे गेलं."

मी सुपारी कातरत होते. आपोआप म्हणे! त्या आपोआपच्या आत माझी नात बसलेली असते, सकाळपासून, कानाला ते लावून. हे आधारला माहीत नाही. तो पहाटे केळीच्या गाडीवर जातो, आणि कुणाला सांगायचं नाही अशी तिच्याकडून कंपनीने सही घेतली आहे. काम चालताना खोलीत दुसरं माणूस नको, हाही नियम. पण मी जाऊ कुठे? भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसते. आजपर्यंत कंपनीने मला माणसात धरलेलं नाही, बरंच आहे.

एकदा ती पाण्याला उठली आणि मी चष्मा लावला. काय पाहिलं ते लिहीत नाही. त्यात एक लेकरू होतं, एवढंच लिहिते. लोक असलं करतात, त्याचं चित्र काढतात आणि पाठवतात, लताबाई. आणि ते बाकीच्यांना दिसू नये म्हणून कुणीतरी आधी पूर्ण बघायचं असतं. वाईट असेल तर एका बोटाने दाबायचं, चालेल असं असेल तर दुसऱ्याने. की लगेच पुढचं येतं.

पहिल्या महिन्यात रडायची. ओकायची. मटण शिजलं की ओट्यावर जाऊन उभी राहायची. मी म्हटलं, सोड. तर माझे हात धरले, हे केळीच्या चिकाने काळे झालेले, कधी न निघालेले, आणि म्हणाली, "सोडून काय करू आजी? हे?" आपल्या घरातली सावलीत बसून कमावणारी पहिली बाई आहे ती. मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला सांगू.

आता रडत नाही. मी म्हटलं, सवय झाली, बरं झालं.

तर परवा काय झालं ऐक. मित्रा चहा देऊन पाहुण्यांसमोर बसलेली, निळी साडी, मीच तिला दृष्ट लागेल अशी बघत होते. तेवढ्यात ते लेकरू ओट्यावरून पडलं, दगडावर. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात, आणि असा टाहो फोडला की शेजारची माणसं आली. मंदाबाई किंचाळली, आधार हळद शोधायला धावला, ललितने उडी मारून पोराला उचललं, आपल्या पांढऱ्या शर्टाने कपाळ दाबलं. हात चांगले आहेत त्या मुलाचे.

मित्रा सगळ्यात जवळ होती. ती उठली नाही. बघत राहिली, पापणी हलली नाही. फक्त मांडीवर उजव्या हाताचं एक बोट खाली दाबलं गेलं. मग वर.

पोराला पट्टी बांधली, ते लाडू खाऊन परत पळायला लागलं. आणि मंदाबाई मित्राच्या गालावरून हात फिरवून म्हणते, "एवढं रक्त पाहून हलली नही. पोर मोठी धीरनी शे." कौतिकभाऊ म्हणाले, "आमले पसंत शे." तिथेच साखर वाटली. मीही तोंड गोड केलं, लताबाई. हसलेसुद्धा.

ललितने एकट्याने येऊन मला ओट्यावर विचारलं, "आजी, हिला बरं नाही का?" मी म्हटलं, "थंडी बाधली जरा." एवढं चांगलं विचारणारा मुलगा, आणि मी त्याला असं सांगितलं. स्थळ हातचं जाईल, दुसरं काही नव्हतं मनात.

ते गेल्यावर भांडी घासताना मी तिला विचारलं, "मित्रे, लेकरू हाताशी होतं, उचललं का नाही ग?" तिने कढई विसळली, पालथी घातली, आणि म्हणाली, "मला वाटलं पुढचं येईल."

मी तिला कवटाळलं तर ओली ओली नुसती उभी राहिली.

आता मुख्य ते. मंदाबाईने जाताना सांगितलं, लग्नानंतर नोकरी सोडायची नाही, उलट आम्ही तिच्यासाठी वेगळी खोली काढतो, खास कामाची. कंपनीच्या नियमासारखी, कुणी आत जाणार नाही. खिडकीसुद्धा ठेवत नाही, म्हणजे कुणी डोकावणार नाही. प्रेमानेच म्हणाली ग. आधारच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं सासर कोण करतं म्हणून. माझ्या नातीची खोली, आणि तिथे लसूण सोलायलाही कुणी नाही.

तुझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. जा आणि विचार, ही नोकरी सोडलेली मित्रा त्यांना चालते का. भरीत पोचवायचं निमित्त कर. आधी ललितला गाठ. थंडी नव्हती, आईने खोटं सांगितलं, असंच सांग. आधारला मी आज सांगणार आहे, सही गेली चुलीत. मंदाबाईकडचे नाही म्हणाले तर स्थळ जाईल. जाऊ दे, असं लिहायला हात धजत नाही. पण लिहिलं बघ.

केळीत घेऊन जाईन मी तिला. माझ्यासोबत.

तुझी आई,
द्रौपदाबाई

त्या खोलीला गवंडी शनिवारी लागणार आहे, आणि ते सगळे पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, पंचवीस तारखेला येतो म्हणाले आहेत.