सोमवारचा वाघ

रंगून, २ डिसेंबर १९९७

चि. खिन मे हीस,
अ. उ. आ.

पोचले एकदाची. चौदा तास बसमध्ये बसून कंबर गेली, आणि कशासाठी, तर रंगून बघायला! आपल्या मंडालेत राजा राहायचा तेव्हा इथे डास राहायचे. डास अजून आहेत. डिसेंबर असून अंगाला कपडे चिकटतात. सकाळी मोहिंगा दिला, म्हणजे माशाचं कोमट पाणी आणि त्यात चार शेवया. एवढ्यासाठी हे लोक मिशीला पीळ देतात.

आपल्या आळीच्या बायकांनी तर लाज आणली. भाताच्या गिरणीवाली दॉ न्वे हिने बाजारात तासभर घासाघीस करून मखमली चपला घेतल्या. मी उलटून बघितल्या तर तळाला आपल्याच गल्लीतल्या दुकानाचा शिक्का! तिला दाखवला, तर म्हणते कशी, असू दे ना हो, पण रंगूनहून आणल्या असं सांगता येईल की नाही? अशा लोकांबरोबर मला पाच दिवस काढायचे आहेत.

आता तुमचा तो गाईड, को झॉ, ज्याच्यासाठी मला या बसमध्ये कोंबलंत. उंच आहे. कान मोठे आहेत. छत्रीच्या टोकाला लाल फडकं बांधून पुढे चालतो आणि आम्ही तीस बायका मागे. त्याने भोंग्यातून आम्हा मंडालेच्या बायकांना मंडालेच्या शेवटच्या राजाची गोष्ट ऐकवली. मी म्हटलं, बाळा, माझ्या पणजोबांनी त्या राजवाड्यात मुरवलेला चहापाला पोचवलाय. तर हात जोडून म्हणाला, मग मावशी, पुढचं तुम्हीच सांगा, आणि भोंगा माझ्या हातात दिला. बायका फिदीफिदी हसल्या. मला मुळीच आवडलं नाही.

जन्माचा वार विचारला. मंगळवार म्हणाला, पण तेव्हा नेमका खाली वाकून चपला शोधत होता. नावही मंगळवारच्या अक्षराचंच आहे. तुझी लेक शुक्रवारची, तेव्हा थीरीच्या लग्नाला वारांचं वैर निघत नाही. तेवढी एक गोष्ट बरी. बाकी नोकरी म्हणाल तर लोकांना संडास कुठे आहे ते दाखवायचं.

हे पत्र मंडालेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तुझंही त्याच्याचकडे दे. टपालाच्या नादी लागलीस तर पत्राआधी मी पोचेन.

लोभ असू दे, आणि दुकानात चहापाल्याची भांडी उघडी टाकू नकोस.
तुझी ताई,
म्या यी


मंडाले, ३ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि थीरी पोट धरून हसलो. भोंग्याचं तर थीरीने तीनदा वाचायला लावलं.

दुकान ठीक आहे, भांडी झाकलेली आहेत. ताई, एक मात्र मनावर घे. गेल्या वर्षी झॉ सहल घेऊन इकडे आला, पाला घ्यायला आपल्या दुकानात शिरला आणि त्यानंतर चार दिवसांत सहा वेळा आला. इतका चहापाला माणूस खात नाही. तेव्हापासून थीरीचं त्याच्याशिवाय काही चालत नाही. पण पोरगी तुझ्या हातची आहे. तू तिला अक्षरं गिरवायला शिकवलीस, तापात उशाशी बसलीस. ती म्हणते, मावशी नको म्हणाली तर मी लग्नाला उभी राहणार नाही, झॉशी नाही आणि दुसऱ्या कोणाशीही नाही. तिचा हट्ट तुला ठाऊक आहे. सगळं तुझ्या शब्दावर अडलं आहे.

तेव्हा त्याच्या कानांकडे थोडं कमी बघ. माणूस बघ.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी,
खिन मे


रंगून, ४ डिसेंबर १९९७

चि. खिन मे हीस,
अ. उ. आ.

माणूस बघितला.

आज श्वेडागोन पॅगोड्यावर गेलो. गेलो म्हणजे काय, लिफ्टने वर नेलं, भाजीच्या पोत्यांसारखं! दॉ न्वे तर लिफ्टमध्ये डोळे मिटून मंत्र म्हणत होती, पॅगोड्यासाठी नाही, लिफ्ट पडू नये म्हणून. वर पोचल्यावर झॉने अर्धा तास मोकळा दिला. ज्याने त्याने आपापल्या वाराच्या कोपऱ्यात जावं आणि त्या वाराच्या प्राण्यापाशी मूर्तीला पाणी घालावं. मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिले. गुडघा उत्तम आहे. मला बघायचं होतं हा काय करतो.

मंगळवारच्या सिंहापाशी आला, जरा थांबला आणि सरळ पुढे गेला. सोमवारच्या वाघापाशी! तिथे उकिडवा बसून त्याने एकोणतीस पेले पाणी घातलं. मी खांबाआडून मोजले. वय अठ्ठावीस, वर रिवाजाचा एक. परक्या वाराला असं वयाचं पाणी कोणी घालत नाही. पोरगा सोमवारचा आहे, खिन मे, सोमवारचा!

सोमवार आणि शुक्रवारचं वैर. या जोडीतलं एक लवकर जातं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा मोठ्या कानांचा बदमाश मला तोंडावर मंगळवार सांगतो! खोटं बोलायलासुद्धा अक्कल लागते. ती असती तर निदान सिंहापाशी बसला असता. पण रंगूनच्या पाण्यावर वाढलेल्याकडून दुसरं काय होणार? नंतर बसमध्ये मला विचारतो, मावशी, फार दमलात का? मी तोंड फिरवलं.

आपल्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. तुझा थेन पन्नाशीत गेला. मी तेव्हाही सांगितलं होतं.

माझा नकार आहे. थीरीला आजच सांग, दोन दिवस रडेल आणि गप्प होईल.

लोभ असावा.
तुझी ताई,
म्या यी


मंडाले, ५ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. मोठी आहेस म्हणून.

थीरीला मी काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र चुलीत घातलं.

झॉला मंगळवार सांगायला मी लावलं. लहानपणी तो सारखा आजारी पडायचा म्हणून विहारातल्या भिक्षूंनी त्याचं नाव बदललं. नवं नाव मंगळवारचं निघालं, आणि मला ते आयतंच सापडलं. तो नको नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, तुमच्यासाठी मावशींना तोंडाने सांगेन, पण पॅगोड्यावर खोटं पाणी घालणार नाही, कोणी बघो की न बघो. मला वाटलं, तू तिथवर मागे जाणार नाहीस. एवढं वय झालं तरी मी तुला ओळखलं नाही. जन्मभर तू दुसऱ्यांच्या वारांवर पाळत ठेवण्याखेरीज केलंस काय?

त्या वाघापाशी मीही पाणी घालते, ताई. मी सोमवारची, थेन शुक्रवारचा. चोवीस वर्षं आमचा संसार झाला. भांडलो, हसलो, थीरीला वाढवलं. त्याला काविळीने नेलं. त्याच पावसाळ्यात आपल्या आळीतले आणखी दोघे काविळीने गेले. त्यांच्या बायका कोणत्या वाराच्या होत्या, ते विचारायला तू गेली नाहीस. आणि प्रेत घरात असताना तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, मी सांगितलं होतं. दोन वर्षं मी ते गिळून बसले. आज मला तुझी शिसारी येते.

तुझा को टुन शनिवारचा होता. मी दहा वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. गुरुवार-शनिवारचं वैर, असं आई म्हणाली आणि तू मान खाली घातलीस. तो सहा महिने समोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसायचा आणि तू खिडकी लावून घ्यायचीस. आज तो सागाईंगला नातवंडांत आहे, धडधाकट. तू मानलंस, मी मानलं नाही. तू बरोबर ठरावीस म्हणून माझ्या नवऱ्याने मरायचं होतं का? आणि आता माझ्या मुलीने बिनलग्नाचं राहायचं?

लग्न मार्चमध्ये होईल. थीरीची समजूत मी घालेन, पायाही पडेन तिच्या. होकार देणारी थोरली म्हणून मिरवायचं असेल तर तू येऊ नकोस.

लोभाचं या पत्रात काही लिहीत नाही.
खिन मे


रंगून, ६ डिसेंबर १९९७

चि. खिन मे,
आशीर्वाद, अजून चालत असतील तर.

बाकीच्या आज प्राणिसंग्रहालयात गेल्या आहेत. मी गेले नाही. चार दिवस त्यांच्यातच काढल्यावर माकडं वेगळी कशाला बघायची?

तुझं पत्र सकाळी सहाला हातात पडलं. वाचलं आणि झॉला म्हटलं, बाकीच्यांचं आवरेपर्यंत मला पॅगोड्यावर ने. पायऱ्यांनी चढलो. वर पोचल्यावर मी म्हटलं, मला सगळं कळलंय, जा आपल्या वाघापाशी. तो म्हणाला, मावशी, मी खोटं बोललो, चुकलं माझं, हवी ती शिक्षा करा, पण वार मला बदलता यायचा नाही. मी म्हटलं, बदलूही नकोस.

मग मी माझ्या गुरुवारच्या कोपऱ्यात गेले. शनिवारचा नाग अगदी शेजारीच आहे. चाळीस वर्षं, तिकडे मंडालेतसुद्धा, मी त्या बाजूला पाठ करूनच पाणी घालत आले. आज तिकडे गेले. टुन आता चौसष्ट वर्षांचा. पासष्ट पेले घातले. मधेच मागून एक बाई म्हणाली, आजी, आटपा, आम्हालाही घालायचंय. एवढंही थांबवत नाही या रंगूनच्या लोकांना.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. त्याहून वाईट आहे. तुमचा संसार मी रोज समोर बघत होते. सोमवार आणि शुक्रवार जर इतके नीट राहतात, तर गुरुवार आणि शनिवारही राहिले असते. हे मला कळत नव्हतं असं नाही. दर वर्षी थोडं जास्त कळत होतं. म्हणून थेन गेला तेव्हा, खिन मे, मला बरं वाटलं. एक क्षण, पण वाटलं. ते तुझ्या कानाशी बोलून गेले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला माझी शिसारी येते ते बरोबरच आहे.

थीरीला सांग, मावशी हो म्हणाली आणि आजवर मावशीच चुकत होती. होकार कळवायला हे पत्र पुरे आहे, त्यासाठी मी मांडवात उभी राहणार नाही.

लोभ ठेव असं लिहायला मला आता तोंड नाही. पण मार्चमध्ये शेजारपाजारच्यांना बोलावशील, त्यांच्याबरोबर मलाही बोलाव.

म्या यी