कार्मेलिन बुडाली नव्हती

मी, वेरोनिका सॅम्युएल लोबो, माहेरची फर्नांडिस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षिका, धर्माने रोमन कॅथलिक, राहणार देवबाग, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. मला अलीकडे कमी ऐकू येते. कमी समजते असे नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट, हे लिहू नये म्हणून दोघांनी प्रयत्न करून पाहिला. मसुदा ॲडव्होकेट कौस्तुभ यांनी केला. त्यांना अनावश्यक वाटलेली वाक्ये मी परत घातली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. देवबाग येथील घर, परसातील माडांसह, माझे पती कै. सॅम्युएल यांच्याकडून मला आले. ते मी माझी मुलगी फेबी हिला देते. फेबी पुण्यात नर्स आहे आणि तिला इथे राहायला येणे जमणार नाही, हे मला माहीत आहे. तिने मागच्या खोल्या पर्यटकांना द्याव्यात, मला राग नाही. पुढची खोली मात्र वाचनाची खोली म्हणून ठेवावी. गावातल्या कोणीही दिवसा यावे, बसावे, वाचावे. माझा भाचा ॲल्स्टन याने घराचे होमस्टे करण्यासाठी माझ्या देखत पुढच्या खोलीचे माप घेतले होते. तिथे स्वागतकक्ष होणार नाही.

२. बँकेतील ठेव आणि माझ्या बांगड्या फेबीच्या. लग्नातली साखळी ॲल्स्टनची मुलगी ग्लेनिशा हिला.

३. फणसाच्या लाकडाची दोन टेबले. यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

नोकरी संपली तेव्हा मला तीन गोष्टी करायच्या होत्या: कथा लिहायच्या, आमच्या फर्नांडिस घराण्याचा इतिहास शोधायचा आणि राहून गेलेले सगळे वाचायचे. मला वाटले, आता वेळच वेळ आहे. झाले भलतेच. कथा सुरू केली की इतिहासाचे कागद पडून राहत. इतिहासासाठी बांदा, गोवा करीत फिरले की कथा विझून जाई. आणि वाचायला बसले की उरलेल्या दोन्हींची टोचणी लागे. सॅम्युएल मालवाहू जहाजावर सुतार होता. तो म्हणाला, "वेरो, तू सगळा एकाच टेबलार मांडतंस. कसा होतला?" त्याने दोन टेबले केली. एक पुढच्या खिडकीशी, इतिहासाचे. एक मागच्या खोलीत, कथांचे. वाचन आरामखुर्चीत. इतिहासाच्या टेबलावर कल्पनेतले एक अक्षर लिहायचे नाही आणि कथेच्या टेबलावर पुरावा मागायचा नाही, हा नियम माझा. सकाळ कथेची, दुपार इतिहासाची, दिवे लागल्यावर खुर्ची. पाहुणे आले तरी मी हे मोडले नाही. त्यावरून मला शिष्ट म्हटले गेले. म्हणोत.

खिडकीचे टेबल मी रेडी येथील रामचंद्र तांडेल यांची मुलगी योगिनी हिला देते. मागचे टेबल ग्लेनिशाला. तांडेल आमचे कोण, हा प्रश्न माझ्या नातेवाइकांनी अनेकदा विचारला आहे. उत्तर पुढे आहे.

४. घराण्याचा इतिहास, हस्तलिखित. हा योगिनी आणि ग्लेनिशा या दोघींना मिळून देते.

आमच्या घरात सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होते की पायची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण कार्मेलिन लग्नाआधी बुडून मेली. दर वर्षी चर्चमध्ये 'बुडालेल्या कार्मेलिनच्या आत्म्यास' मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होई. पायने ती कधी चुकवली नाही. पाय गेल्यावर माझा धाकटा भाऊ बाबुश याने ती चालू ठेवली.

इतिहासात प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू मी मांडत होते. कार्मेलिन कुठे बुडाली हे लिहायला गेले, तर एक जण म्हणे कर्लीच्या खाडीत, दुसरा म्हणे सर्जेकोटला, तिसरा म्हणे विहिरीत. एक बाई तीन ठिकाणी बुडत नाही. मी बांद्याला पायच्या मावसबहिणीकडे, इनासमावशीकडे गेले. तिने नव्वदी ओलांडली होती. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बुडाला बिडाला कोण नाय गो. रेडीक गेला ता. एका गाबताबरोबर." गाबीत म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे मासेमार.

"मग बुडाली असे कोणी सांगितले?"

"तुज्या आज्यान. हिंदू गाबताबरोबर चेडू गेला म्हणण्यापरास बुडाला म्हणणा तेका बरा वाटला."

मी रेडीला गेले. मासे विकायला बसलेल्या बायकांना विचारत राहिले की फार वर्षांपूर्वी मालवणकडून आलेली कोणी होती का. एकीने कोयता खाली ठेवला. "कमळाआजी? ती आमच्या ह्येंची आजी. बसा, माशे सोपले काय घराक नेतंय." ती प्रेमलता तांडेल. तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. तिचा नवरा रामचंद्र जाळे बाजूला सारून दारात आला आणि मी अंगणातच थांबले. पायचे कपाळ, पायच्या जाड भुवया, उंबऱ्यात एका अंगाला कलून उभे राहण्याची तीच ढब.

कार्मेलिन रेडीत कमळा झाली. तिने संसार केला, मासे विकले, नातवंडे वाढवली. नाताळात ती नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करी. विचारले तर सांगे की दिवाळीचे सारण राहिले होते. मी शिक्षिका होऊन स्थिरावले तोवर ती जिवंत होती. तिच्या हयातीत मी तिच्यासाठीच्या मिस्सेला गुडघे टेकून बसले आहे. रामचंद्रने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली:

"नाताळाच्या आदी मालवणसून एक बाबा येय. आजी तेची पिशी मुडदुशा माशांनी भरी. पैशे घेय नाय. मगे दोगाय माडाखाली बसान रवत. तो गेल्यार आजी त्या दिसाक कोणाकडे बोला नाय."

"कोण होता तो?"

"इचारूक नाय कोणी. आमी ल्हान होतो."

इतिहासात मी लिहिले: एक माणूस दर नाताळाआधी मालवणहून येत असे. त्यापुढे काही लिहिले नाही. तो कोण, हे मला वाटत होते. वाटणे त्या टेबलावर चालत नाही.

या हस्तलिखितातील एकही वाक्य कोणी गाळू अगर बदलू नये. ग्लेनिशाच्या लग्नात पाहुण्यांना वाटण्यासाठी ॲल्स्टनला याची पुस्तिका छापायची होती. "आंटी, त्या एका पानार ती बुडाली असाच रवांदे. लग्नाघरात कित्याक?" असे तो म्हणाला. मी पूर्ण छाप नाहीतर छापू नको म्हटले. पुस्तिका छापली गेली नाही. लग्न छान झाले. मुंडावळ्या नव्हत्या, पण प्रेमलता आणि रामचंद्र होते, माझ्या शेजारच्या बाकावर. ग्लेनिशाने त्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला आणि मला म्हणाली, "आंटी, माका ता पान मोबाईलार धाड." मी त्याच आठवड्यात पाठवले. म्हणून हस्तलिखितात तिचा वाटा आहे.

५. कथा. माझ्या सर्व कथांचे हक्क फेबीला.

त्यांतल्या एका कथेवरून माझ्या भावाने सात वर्षे माझ्या घरात पाऊल ठेवलेले नाही, म्हणून तिच्याबद्दल इथेच लिहिते. रेडीहून आल्यावर इतिहासात जे लिहिता येत नव्हते ते डोक्यात राहिले. सकाळी मागच्या टेबलाशी बसले आणि कथा लिहिली. तिच्यात तो माणूस भाऊ आहे. जगाच्या तोंडासाठी तो बहिणीच्या नावाने मिस्सा सांगतो आणि वर्षातून एकदा तिला भेटून येतो. नावे वेगळी, गाव वेगळे. कथा एका दिवाळी अंकात आली. बाबुश अंक हातात घेऊन आला.

"बाय, ह्या तू लिवलंस?"

"होय."

"पायाक सगळा ठावक होता आणि तरी तो फादराकडे खोटा सांगी? पायाक खोटारडो केलंस तू."

"गोष्ट आसा ती, बाबुश. नावां येगळी आसत."

"नावां येगळी, माणसां तीच." तो दाराशी गेला आणि वळून म्हणाला, "पुढल्या अंकात लिव की ह्या सगळा मनचा आसा."

मी म्हटले, कथा मनचीच असते, ते वेगळे लिहायला लागत नाही. त्याला ते उर्मट वाटले असेल. मी तेव्हा माफी मागितली नाही, आताही मागत नाही. बहिणीला भेटायला जाणारा माणूस मला खोटारडा वाटत नाही. सबब ती कथा माझ्या कोणत्याही संग्रहातून वगळू नये, आणि तिच्याखाली खुलाशाची ओळ घालू नये.

६. पुस्तके पुढच्या खोलीतच राहतील. देखरेख माझी शेजारीण नर्मदा कुबल हिने करावी असे मनात होते; पण तिला साक्षीदार व्हायचे असल्याने तिच्या नावे काही लिहीत नाही, तोंडी सांगितले आहे. पुस्तके घरी नेऊ द्यावीत. परत न आणणाऱ्याचा पाठलाग करू नये. माझी जुनी सहकारी स्वप्ना हिच्याकडे माझी दोन पुस्तके आहेत, ती नाही म्हणते. ती तिलाच दिली असे समजावे; म्हणजे तिला एकदाची शांतपणे वाचता येतील. वाचनाला माझ्याकडून नेहमी दिवसाचा उरलेला तुकडा मिळाला. आयुष्य पुन्हा मिळाले तर सकाळ वाचनाला देईन. ते मिळणार नसल्याने ही खोली.

७. मिस्सा. कार्मेलिनसाठी दर वर्षी मिस्सा व्हावी आणि तिच्यात 'बुडालेल्या' हा शब्द असू नये. बाबुशला मी तो शब्द काढायला सांगितले होते, त्याने ऐकले नाही. तेव्हापासून मी वेगळ्या दिवशी माझी मिस्सा सांगते. माझ्यामागे हे फेबीने करावे. बाबुशने त्याची चालू ठेवण्यास हरकत नाही. एका बाईसाठी दोनदा प्रार्थना झाल्याने कोणाचे बिघडत नाही. तांडेल कुटुंब गणपतीला मला बोलावते, मी नाताळाला त्यांना. ही ये-जा फेबीने आणि ग्लेनिशाने तोडू नये. हे कायद्याने बांधता येत नाही असे वकील म्हणतात. विनंती म्हणून राहू दे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फेबीने करावी. मला सॅम्युएलशेजारी पुरावे. भाषणे नकोत.

९. हे शेवटचे कलम मी आज, सह्या होण्याआधी, सर्वांसमोर हाताने लिहीत आहे.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. नर्मदा एक झाली. दुसरे नाव शोधू लागले तर माझ्या जवळच्या प्रत्येकाला, नाहीतर त्याच्या लेकराला, मी काहीतरी दिलेले. ज्याला काहीही ठेवलेले नाही असा माझ्या रक्ताचा एकच माणूस उरला. मी ॲल्स्टनकडून निरोप धाडला. येईल असे वाटले नव्हते. बाबुश चर्चला घालायचा शर्ट घालून आला.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाले. बाबुश म्हणाला, "माका वाचूचा आसा," आणि आरामखुर्चीत बसला. चौथ्या कलमाशी तो थांबला.

"हय 'एक माणूस' लिवलंस."

"माझ्याकडे पुरावो नाय."

त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला पुसला. मग म्हणाला, "तू लगीन होवन गेललंस. नाताळाच्या आदी पाय सकाळच्या एसटीन जाय. वेंगुर्ल्याक काम आसा म्हणी. सांजेक पिशी भरून मुडदुशे हाडी. माय विचारी, मालवणात माशे सोपले काय? पाय हसा नाय, बोला नाय."

मी विचारले, "ह्या तुका तेव्हापासून ठावक होता?"

"माशे ठावक होते. ते खंयचे, ता तुजी गोष्ट वाचल्यार कळला. म्हणान तर..." त्याने चष्मा पुन्हा चढवला. मला त्याची सात वर्षे एकदम कळली; कथा खोटी वाटली म्हणून नव्हे, खरी निघाली म्हणून तो आला नव्हता.

"लिवू?" मी विचारले.

"लिव. माजा नाव घालून लिव."

सबब चौथ्या कलमातील अट मी स्वतः एकदाच मोडते. हस्तलिखितात 'एक माणूस' या वाक्यापुढे असे जोडावे: माझा भाऊ बाबुश याने सांगितल्यावरून, हा माणूस आमचे वडील असावेत. 'असावेत' हा शब्द कोणी काढू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि मी खालील दोघांच्या देखत सही करीत आहे.

ठिकाण: देवबाग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) वेरोनिका सॅम्युएल लोबो

साक्षीदार:

(सही) नर्मदा कुबल, देवबाग. वेरोनिकाबाईंनी माझ्यासमोर सही केली.

(सही) सेबॅस्त्यांव उर्फ बाबुश फर्नांडिस, मालवण. बहिणीने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. माझी सही तेवढ्यापुरती आहे. त्या कथेला नाही.