धुऱ्यापर्यंतचा रस्ता

हिवरखेड, ता. तेल्हारा
२२ नोव्हेंबर २०२३

॥ श्री ॥

चि. केशव यास कौशल्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून यंदा भाऊबीजेला येणं झालं नाही. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते, अर्धं हिवरखेड ऐकतं आणि तू तेवढा ऐकत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅप करावं तर तुझा मोबाइल शुभमच्या खिशात. आज जे विचारायचं आहे ते तुझ्या मुलाने वाचू नये, म्हणून पाकीट.

माझं दीड एकर मक्त्याने वाहणाऱ्या गोपालचा परवा फोन होता. म्हणाला, भाऊच्या वावरात माणसं टेप घेऊन फिरून राहिली, चुन्याच्या रेघा मारून राहिली, आणि त्यातली एक रेघ सरळ तुमच्या धुऱ्यापर्यंत आली. बाई, तुमच्या वावराच्या तोंडावर हद्दीचे गोटे गाडले, मले काही बरोबर दिसून नाही राहिलं, असं त्याचं म्हणणं.

रस्त्याकडचं वावर तुझं, मागचं माझं. बाबांनी मला ते चोळीबांगडीचं म्हणून दिलं, तेव्हा तूही हजर होतास. हिवरखेडचं घर मुलाच्या नावावर, शेत मुलाच्या नावावर. माझ्या नावाचं या जगात तेवढंच आहे. आणि तिथे जायची वाट म्हणजे तुझ्या धुऱ्यावरची, बांधावरची गाडीवाट. ती गेली तर ते वावर फक्त सातबाऱ्यावर उरेल. तू तुझं विकतोस तर वीक, मी कोण अडवणार? पण रेघ माझ्याकडे का आली, एवढं लिही. गोलगोल लिहू नको.

घरातल्यांना आशीर्वाद. माया आहे तोवर विचारते, हे ध्यानात असू दे.

तुझी बहीण,
कौशल्या

---

नांदगाव खंडेश्वर
१ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप ताईस केशवचा सा. न. वि. वि.

पाकीट मीच उघडलं. त्याआधी शुभमने ते तीनदा उलटंपालटं करून पाहिलं, पण तुझं अक्षर पाहून घाबरला असावा.

होय, वावराचे घरांसाठी प्लॉट करून ले-आउट पाडतो आहे. अमरावतीचा एक भागीदार आहे, खर्च त्याचा आणि जमीन माझी. तुला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. मी अडुसष्ट वर्षांचा. शुभम रोज अमरावतीला नोकरीवर जातो-येतो, त्याला डवरा आणि वखर यातला फरक कळत नाही. वावर पडीक ठेवण्यापेक्षा हे बरं.

मला वाटलं होतं, ले-आउट म्हणजे बर्फी कापायची. तसं नसतं बरं का. नकाशा काढणारी आरती नावाची मुलगी आहे, मला ऐकू येत नाही म्हणून ती सगळं वहीत लिहून दाखवते. आतला रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद चालत नाही. दहावा हिस्सा मोकळा सोडायचा, त्यावर मालकालाही बांधता येत नाही. वळणावरच्या प्लॉटचे कोपरे छाटायचे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आपल्या गावात हे नियम आधी असते तर किती लोकांचे हातपाय वाचले असते!

आता तुझी रेघ. आरतीने लिहून दाखवलं की रस्ता मध्येच संपवू नये, शेजारच्या वावराच्या हद्दीपर्यंत न्यावा, म्हणजे मागचा माणूस कोंडला जात नाही. भागीदाराला ते नको आहे. रस्ता अलीकडेच थांबवायचा, गाड्या वळायला शेवटी एक गोल दाखवायचा, म्हणजे दोन प्लॉट जास्त निघतात. मी नाही म्हटलं. ताई, तो रस्ता तुझ्यासाठीच आहे. धुऱ्याची वाट तुझ्यामाझ्या तोंडच्या बोलीवर चालली आहे. मी गेल्यावर ती कोण मानेल? नकाशात चढलेला रस्ता कोणाच्या बापाला बंद करता येत नाही.

गुडघ्यांना तीळतेल लाव. राग आटोपला की चार ओळी लिहाव्या.

तुझा,
केशव

---

हिवरखेड
२९ जानेवारी २०२४

चि. केशव यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्यासाठीच, हा शब्द तू लिहायला नको होतास.

माझ्या थोरल्या जेठांनी शहाऐंशी साली आमची शेतात जायची पांदण वळवली, तेव्हा हाच शब्द होता. तुमच्यासाठीच करून राहिलो, चिखलातून जाणं वाचेल तुमचं, असं ते म्हणाले आणि ह्यांनी सही दिली. पुढची अकरा वर्षं हे दुसऱ्याच्या शिवारातून अर्धा कोस फेरा घालून जात होते, तेही हात जोडून. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर अजून पाणीसुद्धा फुंकते.

मग संक्रांतीला शुभम आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. साडी आणली, माझ्या पाया पडला, आणि चहा संपायच्या आत विचारलं की आत्या, तुमचं तिकडचं वावर तुम्हाला झेपते का. मी म्हटलं, गोपालला झेपते. तर म्हणाला, भाव चांगला आहे, विचार करून ठेवा. तू सांगून पाठवलं होतंस का, हे मी त्याला विचारलं नाही. खरं बोलला असता तरी मला पटलं नसतं.

तो गेल्यावर गोपालने फोटो पाठवला. तुझ्या वावरात रस्त्याला तोंड करून बोर्ड लागला आहे. पहिला टप्पा विक्रीस उपलब्ध, दुसरा टप्पा लवकरच. खाली बाण. बाण कुठे वळला आहे ते तू जाऊन पाहा. मागे माझ्याशिवाय कोणाचं वावर आहे, केशव? म्हणजे रस्ता मला द्यायला येत नाही, न्यायला येतो आहे.

माझी नात वर्षाली अकोल्यात शिकते. तिच्याकडून अर्ज टाइप करून घेतला आणि नांदगावच्या कचेरीत टपालाने हरकत नोंदवली. तुझ्या ले-आउटचा कोणताही रस्ता माझ्या हद्दीला लागू नये, असं त्यात लिहिलं आहे. पाठीमागून केलं असं म्हणायला नको, म्हणून नक्कल सोबत जोडली आहे.

तिळगूळ पाठवायचा होता, पण गोड बोला म्हणायला जीभ वळेना. आशीर्वाद मात्र कमी झालेला नाही.

कौशल्या

---

नांदगाव खंडेश्वर
२८ मार्च २०२४

तीर्थस्वरूप ताईस सा. न. वि. वि.

हरकतीची सुनावणी झाली. तू आली नाहीस. तुझा अर्ज साहेबांनी वाचला, आरतीने तो मला वहीत उतरवून दाखवला. त्यात माझं नाव गैरअर्जदार असं आहे. साठ वर्षांत तू मला केशा म्हटलंस, गाढव म्हटलंस, हे नवीन.

बोर्ड मला माहीत नव्हता. पाहून आलो आणि कुऱ्हाडीने पाडला. शुभम आणि भागीदाराचं पुढे तुझं वावर घ्यायचं ठरत होतं, हे खरं निघालं. तुझा संशय तिथपर्यंत बरोबर होता. शुभम आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तरी मला काय ऐकू येणार होतं म्हणा.

पण त्या दोघांनी बोर्ड लावायच्या आधीच रस्ता मी मागितला होता, आणि तो तुझ्यासाठी मागितला होता. हे एकदा सांगितलं. पुन्हा सांगणार नाही.

तुझी हरकत मंजूर झाली आहे. रस्ता तुझ्या हद्दीच्या अलीकडे थांबेल, शेवटी गोल येईल, त्याच्या मागे सोळा आणि सतरा नंबरचे प्लॉट निघतील. भागीदाराने तुला नमस्कार सांगितला आहे. त्याचं काम तू फुकटात केलंस.

प्रकृतीला जपावे. याउपर मला लिहिण्यासारखं काही नाही.

केशव

---

हिवरखेड
२ जुलै २०२५

चि. केशव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सव्वा वर्ष तू लिहिलं नाहीस, मीही नाही. दोन दिवाळ्यांचं ओवाळणं राहिलं, एक गुडघ्यांमुळे आणि एक रागामुळे.

मागच्या सोमवारी मी नांदगावला येऊन गेले. तुला कळवलं नाही. अकोटवरून अमरावती, तिथून दुसरी एसटी. गोपालने फोनवर सांगितलं होतं की बाई, वावरात ट्रॅक्टर जाऊन नाही राहिला, पेरणी कशी करू. मला वाटलं, मक्ता सोडायचं निमित्त करतो आहे. संशयाचं असंच असतं, एकदा घरात शिरला की सगळ्यांच्या ताटात जेवतो. म्हणून स्वतः पाहायला आले.

तुझ्या ले-आउटमध्ये गुळगुळीत रस्ता आहे. गोलापर्यंत मी चालत गेले. त्यापुढे भिंत. धुऱ्याची वाट त्या भिंतीच्या पोटात गेली. पलीकडे माझं वावर, आणि भिंतीवरून मला फक्त बाभळीचा शेंडा दिसत होता. गोपाल आणि त्याची बायको सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या वावरातून, वाकून, काट्यांतून आणत होते. त्या वावरवाल्यानेही सांगितलं आहे, एवढ्या पेरणीले जा, पुढच्या बारीले नाही. ह्यांची अकरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. केशव, ह्यांना जेठांनी कोंडलं होतं. मला मी कोंडलं.

तिथूनच कचेरीत गेले. म्हटलं, माझी हरकत मला मागे घ्यायची आहे. कारकुनाने जुनी फाइल काढली, शांतपणे पाहिली आणि म्हणाला, मावशी, हरकत तं मंजूर झाली, नकाशाही मंजूर झाला, आता मागं काय घेता? मी तिथल्या बाकावर बसून रडले. कोणाला लाज वाटली असेल तर ती त्यांची.

तुझ्या घरावरून रिक्षा गेली. तू ओट्यावर पेपर वाचत होतास. मी हाक मारली नाही. तुला ऐकू आली नसती, हे माझं निमित्त.

मी चुकले. शुभमच्या बाबतीत नाही, तुझ्या बाबतीत. काही मागायला हे लिहिलेलं नाही. तुला वाटलं तर लोभ ठेव.

कौशल्या

---

नांदगाव खंडेश्वर
१४ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप ताईस केशवचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रिक्षातली तू मला दिसली होतीस. मीही उठलो नाही.

आता एक गोष्ट, जी दीड वर्ष पोटात ठेवली. सुनावणीत साहेबांनी तुझा अर्ज बाजूला सारला होता. रस्ता हद्दीपर्यंत नेणं नियमातच आहे, बाईंचा गैरसमज झालेला दिसतो, तुम्ही नुसतं हो म्हणा, हरकत फेटाळतो, असं त्यांनी सांगितलं. आरतीने ते मोठ्या अक्षरात लिहून माझ्यापुढे धरलं. आणि मी म्हणालो, बहिणीची इच्छा नाही तर मलाही रस्ता नको. वरून ते किती चांगलं दिसलं! आत मात्र एवढंच होतं की भोगू दे हिला, मग कळेल. भिंत भागीदाराने बांधली, पण तिची पहिली वीट माझी आहे. म्हणून तू एकटीच चुकलीस असं समजू नको.

तुझं पत्र आल्यावर आरतीकडे गेलो. मंजूर नकाशात आता रस्ता घालायचा तर सगळ्या प्लॉटवाल्यांच्या सह्या लागतात, आणि ते देणार नाहीत. पण सतरा नंबर माझ्या वाट्याचा आहे आणि तो मी विकलेला नाही. त्याचं एक तोंड गोलाला आहे, पाठ तुझ्या वावराला. तो तुझ्या नावे करतो आहे. कागदावर तो प्लॉटच राहील, जमिनीवर तू त्याचा रस्ता कर. त्याच्या मागची भिंत मी गेल्या आठवड्यात पाडून घेतली. गोपालचा ट्रॅक्टर काल आत गेला. शुभमने दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी विटा उचलायला स्वतः आला. त्याचं मन पूर्ण साफ झालं असं मी म्हणत नाही. विटा मात्र उचलल्या.

बक्षीसपत्राचा मसुदा सोबत आहे. प्रत्येक पानावर तुझी सही लागेल, मग नोंदणीसाठी एक दिवस यावं लागेल, गाडी पाठवतो. सही करण्याआधी तो नीट वाच. वर्षालीला दाखव, अकोल्यातल्या एखाद्या वकिलाला दाखव. माझ्या शब्दावर सही करू नको. तो शब्द मी एकदा बिघडवला आहे.

गुडघे कसे आहेत ते लिही. धाकट्याचा हट्ट समजून मागचं पोटात घालावं.

तुझा,
केशव

---

हिवरखेड
२५ ऑगस्ट २०२५

चि. केशास आशीर्वाद.

गाडी सोमवारी पाठव. प्रत्येक पानावर सही केली आहे. करताना चष्मा लावला नव्हता.

ताई