‘लोखंडाचा घाम’ची मूळ टेप आणि बाकीची इस्टेट

मी, धंद्याने ड्रायव्हिंग स्कूलचा निवृत्त मास्तर आणि मनाने कायमचा बेस गिटारवाला, आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता आणि कोणी डोळे न वटारता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोळे न वटारता हे तितकेसे खरे नाही, कारण बायको दारातच उभी आहे. कान सोडून माझी सर्व इंद्रिये शाबूत आहेत. येत्या मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. “काळजीचं काही कारण नाही,” असे ते इतक्या वेळा म्हणाले की मी तडक वकीलबाईंकडे गेलो. बाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात आणि आमच्या बँडला मनापासून वैतागलेल्या आहेत, त्यामुळे त्या कोणाचीच बाजू घेणार नाहीत.

कलम १. राहते घर बायकोचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आहेत. ते काढायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे. लग्न होऊन आल्यापासून ती ते काढायचे म्हणते आहे. त्यांनी आवाज कधीच अडला नाही, हेही इथे नमूद करतो.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिचेच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. दोन ब्रेकची शिकवणीची गाडी मुलीला द्यावी. ती माझ्या हाताखाली शिकली आणि परीक्षेत नापास झाली, मग दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन पास झाली. “बाबा, तुम्ही फार ओरडता,” म्हणायची. मी ओरडत नव्हतो गं, मला माझे मलाच ऐकू येत नव्हते. मास्तरच्या बाजूचा ब्रेक काढू नये. जावई चालवायला बसला की त्याची गरज पडेल.

कलम ४. स्टेजवरचे कपडे. चामड्याचे जाकीट ज्याला होईल त्याने न्यावे. चामड्याच्या पँटची कोणावरही सक्ती नाही. खिळ्यांचा पट्टा बायकोने गॅलरीतल्या वेलाला आधार म्हणून बांधला आहे. वेल छान चढला आहे, तेव्हा पट्ट्याला हात लावू नये.

कलम ५. आता मुद्द्याचे. माझ्या कपाटात, हिवाळी पांघरुणांच्या मागे, ‘लोखंडाचा घाम’ या आमच्या रेकॉर्डची मूळ टेप आहे. चौघांचे वाजवणे तिच्यावर वेगवेगळे घेतलेले आहे. म्हणजे कोणाला वर आणायचे आणि कोणाला खाली दाबायचे, ते तिच्यावरून पुन्हा ठरवता येते. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने ती मला दिली आणि तेव्हापासून ती मी जिवापाड जपली आहे. आता कंपनीला ही रेकॉर्ड नव्याने काढायची आहे. हल्लीची पोरे तिला अजरामर वगैरे म्हणतात. तिला अजरामर म्हणतात तेव्हा मला आनंद होतो, पण त्यांनी मला तिच्यावर ऐकलेले नाही. कोणीच ऐकलेले नाही.

त्याचे असे झाले. आमचा गिटारवाला, ज्याला सगळे करवत म्हणतात, तो माझा मेहुणा. रेकॉर्डिंग संपले, माझे लग्न झाले आणि मी त्याच्या बहिणीला घेऊन आठ दिवस फिरायला गेलो. तेवढ्यात या गृहस्थाने स्टुडिओत बसून सगळे आवाज जुळवले आणि माझा बेस इतका खाली नेला की तो पार तळाला जाऊन बसला. परत आलो तर रेकॉर्ड छापून तयार! एका मासिकाने लिहिले, “फोटोत चौघे आहेत, ऐकू तिघेच येतात.” ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात तो टेबलाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. मीठ हवे असले तरी बायकोमार्फत. तो मला घुम्या म्हणतो, आणि फारच राग आला की भाऊजी.

नव्या रेकॉर्डसाठी त्याने टेप मागितली. मी निरोप धाडला, “मी जिवंत असेपर्यंत नाही.” मग मंगळवार ठरला, आणि या वाक्याचा मलाच घोर लागला. मी गेलो आणि टेप त्याच्या हाती पडली तर माझा बेस पुन्हा तळाला जाणार, आणि या वेळी तक्रार करायला मी नसणार. म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की टेप मुलीने कुलूपबंद ठेवावी आणि करवतला कदापि देऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, “गाणी तुम्हा दोघांची आहेत. मुलीच्या गळ्यात कोर्टकचेरी बांधू नका. एकदा समोरासमोर बसा.” बायकोने त्याच दिवशी भावाला फोन केला.

काल तो आला. अजूनही काटकुळा, कमरेपर्यंतचे केस मात्र आता खांद्यापर्यंतच. चहा झाला आणि मागच्या खोलीत आम्ही दोघे लांब लांब खुर्च्या टाकून बसलो. मी रेकॉर्ड लावली. मोठ्या आवाजात माझी कानातली मशीन शिट्ट्या मारतात, म्हणून ती काढून ठेवली. ही रेकॉर्ड मी रागाने कित्येक वर्षे लावलीच नव्हती.

आणि काय सांगू! बेस! पहिल्या सुरापासून माझा बेस, ठणठणीत, सगळ्यांच्या पुढे! गिटार जवळजवळ नाहीच. झांजा नाहीत. मी एकटा खोलीभर घुमतो आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला कधीच सांगितले होते की वय झाले की बारीक, चिरके आवाज आधी जातात आणि जाडे, माझ्या बेससारखे, मागे राहतात. पण त्याचा हा अर्थ होतो हे माझ्या डोक्यात शिरले नव्हते. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि मी ती पुसली नाही.

तिकडे करवत अस्वस्थ. उठून स्पीकरजवळ गेला, वायर हलवून पाहिली, मग माझ्यावर खेकसला, “भाऊजी, माझा सोलो कुठाय?”

“वाजतोय की!”

“कुठे वाजतोय? तुम्ही रेकॉर्ड बदललीत! माझी गिटार काढून टाकलीत!”

त्याचेही कान गेले होते, आणि या शहाण्याने अभिमानापोटी मशीन घेतले नव्हते. बायको दोन्ही कानांवर हात ठेवून आत आली. या घरात आता तिचेच कान धड आहेत. ती म्हणाली, “गिटार आहे, बेसपण आहे, आणि खालच्या बाई खालून छत बडवतायत तेही आहे. कमी करा जरा!”

मी माझे उजव्या कानाचे मशीन त्याच्या कानात घातले. त्याला सोलो ऐकू आला, तसा तो खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसला. गाणे संपल्यावर त्याने मशीन काढले आणि तेच गाणे पुन्हा लावायला सांगितले. ते मशीनशिवाय, म्हणजे मला ऐकत, शेवटपर्यंत ऐकले.

“घुम्या,” तो म्हणाला, “इतकं भारी वाजवलं होतंस?”

“मग तू आठ दिवस स्टुडिओत काय ऐकत होतास?”

“स्वतःलाच,” तो म्हणाला.

आम्ही इतके हसलो की वकीलबाई वर आल्या त्या भांडायच्या विसरल्या.

तर कलम ५ असे: टेप आणि नव्या जुळवणीबाबतचा माझा हक्क बायकोला. तिचा शब्द अखेरचा. माझ्या आणि करवतच्या कानांवर कोणीही विसंबू नये. तिने एक अट घातली आहे ती तिच्या शब्दांत लिहितो: “दोघांनीही शेजारी बसायचं आणि मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.”

कलम ६. कानातली मशीन. उजव्या कानाचे करवत काल खिशात घालून घेऊन गेला. ते इस्टेटीत धरू नये.

कलम ७. माझी बेस गिटार करवतला द्यावी. (हे कलम खोडले आहे, कारण पुढे दिले आहे.)

आज सह्यांची वेळ झाली. एक साक्षीदार वकीलबाई. “दुसरा मी होतो,” असे म्हणत करवतने पेन उचलले, तेव्हा बाईंनी त्याला थांबवले. “साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही. सही तरी करा, नाहीतर बेस तरी घ्या.” मला वाटले आता हा पेन ठेवणार. माझ्या त्या बेसवर त्याचा डोळा पहिल्यापासून आहे. त्याने कलम ७ वर आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बेस घेऊन मी काय करू? मला वाजवता येत नाही. ज्याला येतो त्याने मंगळवारनंतर उठून वाजवावा.” मग त्याने सही केली. बायको चहा टाकायला गेली.

वरील सर्व मी वाचून पाहिले, पटले, आणि सही करतो आहे. बेस सध्या माझ्याकडेच राहील.

लिहून ठेवणार: (सही) घुम्या. खरे नाव सहीत आहे, वकीलबाईंनी तपासले.

साक्षीदार पहिल्या: (सही) खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर, हसत सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) करवत. सोलोबद्दलचे माझे मत राखून ठेवतो. घुम्या, बुधवारी तुझ्या बेसला नव्या तारा आणतो, जुन्या गंजल्यात.

ठिकाण: मागची खोली, अंड्यांच्या ट्रेखाली.
दिनांक: मंगळवारच्या आधीचा रविवार.