चांद्या बैलाची तजवीज आणि माझी पिकअप

मी, अर्जुनराव श्रीराम घाटोळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे गुडघे गेले, चालताना लंगडतो, पण डोके ठिकाणावर आहे. पोळ्यापासून गावात याबद्दल दोन मते आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

पत्नी विमलबाई आधीच गेली. मुलगा शेखर आणि मुलगी सुचिता हे दोघेच माझे वारस. राहते घर शेखरला, बँकेतली शिल्लक सुचिताला, शेत दोघांत निम्मे. शाळेपासून जपलेली कवितांची पुस्तके सुचितालाच द्यावीत. शेखरच्या हाती लागली तर तो त्यांच्या पानांत नटबोल्ट गुंडाळेल.

विहिरीजवळचा अर्धा एकर मात्र वाटणीत धरू नये. चांद्या बैल जिवंत आहे तोवर तिथे त्याच्यासाठी चाराच पेरावा. चांद्या मूळचा माझा नाही. माझा बालमित्र पंजाबराव मानकर याचा तो बैल, यंदाच्या पोळ्याला माझ्या पिकअपमुळे लंगडा झाला, तेव्हापासून माझ्या गोठ्यात आहे. शेखर म्हणतो, "बाबा, तुमच्यामागं या लंगड्या बैलाले कोण पोसन?" त्याचे उत्तर म्हणून हा कागद.

आता पिकअपविषयी. गाडी जुनी, मी घेतली तेव्हाही जुनीच होती. तिला मी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. संत्र्यांचे कॅरेट जास्त मावावेत म्हणून मागच्या फळ्या उंच केल्या, वजन पेलावे म्हणून स्प्रिंगचे पाटे वाढवले, सीटला विमलच्या लुगड्याची खोळ शिवली. मागे स्वतः रचलेली ओळ रंगवली : ‘धीर धर रे चाका, गाव आले आता.’ बैलजोडी विकल्यावर गोठ्यात हीच उभी राहू लागली आणि मी हिला बैलच मानत आलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड मीच बदलले. चाके काढलेली, आतल्या ब्रेकच्या चकत्या लख्ख चमकत होत्या. संध्याकाळी गावात खांदेमळण सुरू झाली. घरोघरी लोक बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. मला आमची गेलेली जोडी आठवली, शाळेत गुरुजींनी डोळे मिटून शिकवलेली बैलावरची कविता आठवली. मी घरातून वाटी आणली आणि तूप-हळद त्या चकत्यांना चोळली. मनापासून चोळली, दोन्ही अंगांनी. मग चाके चढवली.

दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घालून तोरणाकडे निघालो. तिथे बैलांची रांग लागली होती. खिडकीतून डोके काढून मी पोळ्याची झडती, म्हणजे तोरणाखाली म्हणायचे गाणे, म्हणत होतो, तीही स्वतःच जुळवलेली. देवळाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबेना. हँडब्रेक ओढला. तो मी तारेने बांधलेला होता, हातातच आला. माणसे बाजूला पळाली. पंजाबरावाने चांद्याला कासऱ्याने ओढले, तरी त्याचा मागचा पाय चाकाखाली सापडला.

पंजाबरावाने चाकाशी वाकून वास घेतला. "अर्जुन्या, ब्रेकले तूप लावलं का बे?"

"हाव," मी म्हणालो.

सगळा पोळा हसला. पोरांनी गाडीमागची ओळ मोठ्याने वाचली. सुचिताही फोनवर आधी हसली, मग रडली. एकटा पंजाबराव हसला नाही.

तेव्हापासून मी पारावर बसत नाही. लोक मला ‘तूपवाले बाबा’ म्हणतात, ते सोसते. पण पंजाबराव समोरून आला की धरणीने पोटात घ्यावे असे होते. पहिलीपासून आम्ही एका बाकावरचे.

चांद्याचा पाय जुळला, पण वाकडा. आता त्याच्या मानेवर जू ठेवता येणार नाही. मला पोसायला दे, असा मी निरोप धाडला. पंजाबराव स्वतः आला, कासरा माझ्या हातात दिला. "ठेव. तुलेच देला. पण त्याले कविता आयकवू नको. पायानं अधू झाला, कानानं नको व्हाले." चहाला थांबला नाही.

म्हणून सांगतो. पिकअप शेखरला द्यावी, पण आधी वाढवलेले पाटे काढून टाकावेत. रिकाम्या गाडीत फार आदळते. ब्रेकचे काम वरवट बकाल गावच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. तो मला म्हणाला होता, "काका, ब्रेक घरी खोलत जाऊ नका," आणि मी त्याची इतर गिऱ्हाइकांसमोर टर उडवली होती. त्याचे बरोबर होते, हे त्याला माझ्या नावाने सांगावे. पान्यांची पेटी शेखरला. जॅक कुणालाच देऊ नये, तो दबतो. गाडीमागची ओळ खरवडून काढावी.

दर पोळ्याला पिकअपमध्ये गवत अंथरून चांद्याला तोरणाखाली न्यावे आणि रांगेत उभे करावे. जू नसले तरी त्याचा खांदा मळावा. तूप फक्त त्याच्याच खांद्याला.

वकील म्हणतात, सही साक्षीदारांदेखत करावी लागते. दुसरा साक्षीदार म्हणून मी पंजाबरावाचे नाव घातले आहे. तेव्हा हा कागद घेऊन मला त्याच्या ओट्यावर जावेच लागेल. त्याने दार लावून घेतले तर दुसरा माणूस पाहीन, त्याला बोल लावणार नाही. सहीसोबत शिव्या लिहायच्या असतील तर खाली जागा सोडली आहे.

स्थळ : पंजाबराव मानकर यांचा ओटा, सोनाळा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) अर्जुनराव श्रीराम घाटोळ

साक्षीदार :
१. (सही) नारायणराव बोदडे, निवृत्त पोस्टमास्तर, सोनाळा
२. (सही) पंजाबराव मानकर

सही केली. शिव्या तोंडी देल्या, त्या लिवत नाही. पोळ्याले गाडी कायले पायजे? चांद्या लंगडते, तूही लंगडतं. आपण तिघं पायीच जाऊ. तोवर जिता राह्य बे.