गुठळ्यांचं सूप

१७ मार्च, दुपार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. नळवाला अखेर एकदाचा उगवला आणि मोरीतली गळती थांबली. शेजारच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय, त्यामुळे माझ्या दुपारच्या झोपेचे बारा वाजलेत. तू वेळेवर जेवतेस ना?

तू पाठवलेलं खोकं पोचलं. मक्याच्या सुपाची एवढी पाकिटं? मी काय दुकान टाकू? बाबांना तुझ्या सुपाची आठवण येते, असं मी फोनवर बोलून गेले आणि तू लगेच खोकं धाडलंस. पुढचं बोलता आलं नाही, कारण बाबा शेजारीच कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हे पत्र. पाकिटं मी कपाटावर ठेवून दिली आहेत. रागावू नकोस, ती त्यांना चालत नाहीत.

बाबांची मूत्रपिंडं थोडी थकली आहेत. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकवली. तुझ्याच वयाच्या आहेत, बोलायला गोड पण ऐकायच्या नाहीत कुणाचं. जे जास्त असतं ते आधी लिहितात म्हणे. तुझ्या सुपात आधी स्टार्च, मग साखर, मग मीठ, आणि मका बिचारा पार मागच्या रांगेत! त्याच्याही मागे बारीक अक्षरांत फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच. धान्या-डाळीतलं फॉस्फरस शरीर थोडंफार सोडून देतं, पण हे वरून घातलेलं बहुतेक सगळं रक्तात जातं, आणि बाबांच्या मूत्रपिंडांना ते आता बाहेर टाकता येत नाही. किती घातलंय ते तर पाकिटावर लिहिलेलंही नसतं. म्हणून ज्याच्या नावात फॉस्फेट दिसेल ते सरळ परत ठेवायचं. चीजचे काप गेले, तयार केक गेला, ते काळं थंड पेय गेलं. मी भिंग घेऊन उभी राहिले की दुकानदार विचारतो, "काकू, परीक्षा कधी आहे?"

परीक्षाच आहे गं. बाबांचं जेवण तुटलंय. दोन घास खाल्ल्यासारखं करतात आणि ताट सरकवतात. मागतात ते फक्त तुझं सूप. मी ताजे दाणे वाटून, मीठ बेतानं घालून, अगदी मऊसूत सूप केलं. एक चमचा घेऊन म्हणाले, छान आहे, पण तिचं नाही. मग मी लबाडी केली. तुझं एक पाकीट रिकामं करून ओट्यावर दिसेल असं ठेवलं आणि माझंच सूप वाढलं. तर म्हणतात, "पाकीट तिचं आहे, सूप तुझं आहे." आता या माणसाला काय म्हणावं!

मग परवा भांडं घासताना आठवलं. पाकिटातलं पीठ आधी गार पाण्यात कालवून घे, म्हणून मी घसा कोरडा केला, पण तू ते थेट उकळत्या पाण्यात ओतायचीस. ह्या मोठाल्या गुठळ्या व्हायच्या. मी नाक मुरडायचे आणि बाबा त्या शोधून शोधून खायचे, वर तुझं कौतुक. तुला येत होता तो एवढा एकच पदार्थ, तोही बिघडवलेला.

काल मी माझ्या सुपाला उकळी आणली आणि मक्याचं पीठ कोरडंच ओतलं. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम स्वयंपाक बिघडवला. बाबांच्या चमच्यात गुठळी आली. ते थांबले. मग वाटी निपटून खाल्ली, कितीतरी दिवसांनी. मला रडूच येणार होतं.

तेवढ्यात काठी घेऊन उठले. म्हणाले, "आली ना ती? कुठे लपलीय?" आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन पाहिलं, तू लहानपणी लपायचीस तिथे. तिथे नुसता झाडू. परत येऊन बसले. आज सूप केलं, तर वाटीला हातही लावला नाही.

वर 'थोडी थकली आहेत' असं लिहिलंय, ते खरं नाही. डॉक्टर म्हणाले, लवकरच रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावं लागेल. बाबा नको म्हणतात. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडली. तुझी नोकरी, तुझी धावपळ, सगळं मला कळतं. तरी ये. पाकिटातलं काय टाळायचं ते मी शिकले, चवही जमवली, पण तुझ्याऐवजी घालायला माझ्याकडे काही नाही.

येताना काही आणू नकोस. सूप तूच कर, हव्या तेवढ्या गुठळ्या कर. मी शेजारी उभी राहून एक अक्षर बोलणार नाही.

आणि एक सांगू? सूप मीच केलं होतं, गुठळ्या मीच पाडल्या होत्या. तरी बाबा परत येऊन बसल्यावर मीही एकदा दाराआड पाहून आले.

तुझी,
आई